कमरेत दोन इंच

कळवा, ६ फेब्रुवारी २०२५

सलिल,

आधी 'चि.' लिहिलं होतं, मग खोडलं. आशीर्वाद घ्यायचे की नाही ते तू ठरव. माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच टाकशील, म्हणून पत्ता जागृतीकडून लिहून घेतलाय. जागृती म्हणजे आमच्या मजल्यावर समोर नवीन राहायला आली ती.

फोन तू ब्लॉक केलायस. त्याबद्दल काही म्हणत नाही. पण एक गोष्ट तुला सांगणं भाग आहे.

माझी साखर तपासली. मुद्दाम नाही गेले. शिलाई मशीनवर बसून बसून मान आखडली होती, म्हणून दुकानाजवळच नौपाड्यात डॉक्टर हेमांकडे गेलेले. त्यांनी मानेचं बघितलं, मग वजनकाट्यावर उभं केलं. एकाहत्तर किलो. माझ्याच टेपने माझी कंबर मोजली आणि विचारलं, "घरात कुणाला डायबेटीस?" मी म्हटलं, वडिलांना होता. "आता कसे आहेत?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाहीत. त्यांनी कागदावर टेस्ट लिहून दिली.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी काढतात ती टेस्ट. माझी सहा पॉइंट दोन आली. साडेसहापासून पुढे डायबेटीस. पाच पॉइंट सातच्या आत असली तर ठीक. मी मधे लटकतेय. डॉक्टर म्हणाल्या, "अजून झालेला नाही. इथून मागे फिरता येतं. पण आपोआप कुणी फिरत नाही, फिरावं लागतं."

मग म्हणाल्या, "सख्खी भावंडं आहेत?"

"एक भाऊ. धाकटा. डोंबिवलीला असतो."

"त्यांनाही टेस्ट करायला सांगा. वडिलांना होता, तुम्ही काठावर आलात, म्हणजे त्यांनी थांबण्यात अर्थ नाही."

मी "सांगते" म्हटलं. आपलं बोलणं बंद आहे हे त्यांना काय सांगायचं?

तर सांगितलं. एकदा रक्त देऊन ये. तू सेहेचाळीस वर्षांचा, विम्याच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत. अप्पांना पंचेचाळिसाव्या वर्षी निघाला होता.

तुझं उत्तर मला पाठ आहे. जिने अप्पांना चोरून खायला घातलं तिने मला शहाणपण शिकवू नये. घातलं. पेढ्यांचे आणि मावा केकचे कागद तुला त्यांच्या उशीखाली सापडले, ते मीच आणलेले होते. ते मी कधी नाकारलं नाही.

बाकी ठीक.

ताई


कळवा, ३ मार्च २०२५

सलिल,

महिना होत आला, तुझं काही नाही. टेस्ट केलीस का एवढंच कुणाकरवी तरी कळव.

माझं सगळं नीट चाललंय. डॉक्टर हेमांनी सांगितलं तसंच करते. सकाळी कळवा नाक्यावरून रिक्षात बसायची, ते बंद केलं. खाडीपूल चालत ओलांडते, कोर्ट नाक्यापर्यंत. पस्तीस मिनिटं लागतात. चहा आठ कपांवरून दोनवर आणलाय, तोही बिनसाखरेचा. पहिले चार दिवस औषध प्यावं तसा प्यायले. दुपारी भाताचा डोंगर असायचा, आता ज्वारीची भाकरी, उसळ आणि भात चवीपुरता. कपडे कापायचं टेबल उंच करून घेतलं, त्यामुळे कापायचं काम उभ्याने होतं. अर्ध्या तासाने मशीनवरून उठायचं असं ठरवलंय. गिऱ्हाईक हसतात. हसू देत.

डॉक्टर म्हणाल्या, पाच किलो उतरवा आणि हे चालणं सोडू नका, म्हणजे धोका निम्म्याहून कमी होईल. मी म्हटलं, आणि गोड? त्या म्हणाल्या, "कायमचं बंद असं मी कुणाला सांगत नाही. बंद म्हटलं की माणूस लपवून खातो."

मला एकदम अप्पांच्या पथ्याचा तो तक्ता आठवला. फ्रिजवर लावलेला, तुझ्या अक्षरातला, लाल पेनने 'बंद' लिहिलेला. तुला टोचायला नाही लिहीत. आठवलं एवढंच.

ताई


कळवा, १७ मार्च २०२५

सलिल,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तक्रार करायला जागा राहू नये म्हणून लिहिलं. पहिले दोन आठवडे खरंच चालले. मग पाय दुखला, मग लग्नाचे ब्लाऊज आले, मग काहीच कारण नव्हतं. ज्या दिवशी तुला ते लिहिलं त्या दिवशी सलग अकरावा दिवस रिक्षाने गेले होते. एका गिऱ्हाइकाने मुलीच्या साखरपुड्याचे मोतीचूर आणून दिले. डबा दुकानातच कपाटात अस्तराच्या कापडामागे ठेवला आणि दोन दिवसांत एकटीने संपवला. माझ्या दुकानात माझ्यावर नजर ठेवणारं कोण आहे? तरी लपवला.

आता मुद्द्याचं. हे वाचून तू चिडशील. चीड.

शनिवारी ऋजुता दुकानात आली होती.

तिने तुझ्या तीन पँटी आणल्या होत्या. म्हणाली, "ताई, कमरेत दोन-दोन इंच घ्यायच्यात. बाहेर द्यायला मन होत नाही, कापड खराब करतात." मी लेडीज टेलर, पण अल्टर मी करते हे तिला माहीत आहे. तरी डोंबिवलीत शिंप्यांचा दुष्काळ पडलेला नाही. ती पँटींसाठी आलेली नव्हती.

राखाडी पँट मी उलटी केली. मागच्या शिवणीत आधीचीच एक हातशिलाई होती. दीड इंच घेतलेला.

"हे कुणी केलं?"

"मीच. डिसेंबरमध्ये."

"म्हणजे डिसेंबरपासून साडेतीन इंच?"

तिने उरलेल्या दोन पँटी माझ्यासमोर ठेवल्या.

"डाएट करतो का?"

"नाही हो. उलट जास्त जेवतात. ऑफिसातून आले की आधी पाण्याची बाटली तोंडाला लावतात. सगळे म्हणतात, छान बारीक झालात. त्यांनाही बरं वाटतं."

मला बरं नाही वाटलं, सलिल. मी काठावर आहे आणि माझी कंबर वाढतच होती. न प्रयत्न करता कंबर उतरायला लागली तर काय, हे आपण दोघांनी घरात बघितलंय. अप्पांच्याही विजारीच्या नाड्या अशाच लांब व्हायला लागल्या होत्या, आणि आपली आई खूश होती.

डॉक्टर हेमांना विचारून आले. त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पण उद्यावर ढकलू नका म्हणावं."

जाताना ऋजुता म्हणाली, "मी आले होते हे त्यांना सांगू नका. शपथ आहे." मी शब्द दिला. आणि दोन दिवसांत मोडतेय. तिच्यावर ओरडू नकोस, माझ्यावर ओरड. मागे एकदा असाच एक शब्द मी पाळला होता. त्याबद्दल आत्ता लिहिण्याचं धाडस नाही.

पँटी माझ्याकडेच आहेत. मी त्या आत घेणार नाही. तुझा रिपोर्ट बघितल्याशिवाय सुई लावणार नाही.

ताई


कळवा, २४ मार्च २०२५

सलिल,

काल तू दार लावून घेतलंस त्यानंतर मी जिन्यात थोडा वेळ उभी होते. पुन्हा बेल वाजवावी म्हणून नाही.

टिळकनगरला मी दीड वर्षाने आले. तुझ्या दारात पँटींची पिशवी घेऊन उभी राहिले आणि तू पहिलं वाक्य बोललास, "कशाला आलीस?" मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. गालाची हाडं वर आलीत तुझ्या. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरत होती. आपण आतल्या खोलीत असू-नसू वीस मिनिटं. तेवढ्यात तू दोनदा बाथरूमला गेलास आणि एक तांब्या पाणी संपवलंस. मी मोजत होते. तुला ते कळलं, म्हणूनच भडकलास.

तू म्हणालास, "ऋजुताला माझ्यामागे हेर म्हणून लावतेस?"

मी म्हटलं, "एक टेस्ट, सलिल. एका टेस्टचा प्रश्न आहे."

"तुझ्या तोंडून हा विषय मला ऐकायचा नाही. अप्पांच्या पायाचं मला सोमवारी कळलं आणि सोमवारी दुपारी मी त्यांना अ‍ॅडमिट केलं. एक तास घालवला नाही मी. तू काय केलंस? तू पेढे भरवलेस."

मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, उत्तर नाही म्हणून गप्प. उत्तर होतं.

ते आज लिहिते. हे वाचून तू मला कायमची टाकलीस तरी माझी तक्रार नसेल. पण मी तुला काही लपवू नकोस म्हणून सांगायला आले होते आणि स्वतः हे पोटात ठेवून आले होते. ते मला जिन्यात उभं असताना सहन झालं नाही.

अप्पांच्या पायाची जखम मला त्या सोमवारी दिसली नव्हती. आदल्या नव्हे, त्याच्या आदल्या रविवारी दिसली होती. २०२३च्या नऊ जुलैला. मी त्यांची नखं कापत होते. डाव्या पायाच्या करंगळीखाली फोड फुटलेला होता, कडेने काळसर. नवीन चपलेने लागलं असणार. मी म्हटलं, "अप्पा, हे कधी झालं?" त्यांना माहीतच नव्हतं. मी आरसा धरून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सलिलला सांगू नकोस. तो ओरडेल. परत म्हणेल, मी ऐकत नाही. दोन दिवसांत सुकेल." माझा हात धरून ठेवला त्यांनी, मी हो म्हणेपर्यंत.

मी हो म्हटलं.

रोज सकाळी जखम धुवायची, मलम लावायचं, पट्टी बदलायची. मंगळवारी, बुधवारी तू फोन केलास, "अप्पा कसे आहेत?" मी म्हटलं, मजेत. गुरुवारी वास आला. शुक्रवारी तू जाता जाता डोकावून जाणार होतास, म्हणून मी त्यांना मोजे घातले. तू आलास, बसलास, साखरेची वही बघितलीस, गेलास. ते मोजे तुझ्या समोर होते. सोमवारी त्यांना ताप भरला तेव्हा मी तुला फोन केला.

सर्जन बाहेर आले तेव्हा तू फॉर्म भरायला खाली गेला होतास. ते मला म्हणाले, "आठ दिवस आधी आणलं असतंत तर बहुतेक बोटावर भागलं असतं." मी तुला एवढंच सांगितलं, "उशीर झालाय म्हणाले." किती उशीर, ते गिळलं. गुडघ्याखाली पाय गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात अप्पा गेले. तू पेढ्यांवरून माझ्याशी बोलणं तोडलंस आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. पेढ्यांवरच भागतंय म्हणून.

मी का नाही सांगितलं? शब्द दिला होता हे अर्धंच खरं. अप्पा तुला घाबरत होते तशी मीही घाबरत होते. हे तुझ्यावर ढकलत नाही. पाय मी बघितला होता, तू नाही.

आता तू हे पत्र फाडून टाक. पण आधी रक्त दे. आठ दिवस म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, आणि तुझे डिसेंबरपासून चाललेत.

सुमती


डोंबिवली, ९ एप्रिल २०२५

ताई,

पत्र मिळालं. वाचून फाडलं. दुसऱ्या दिवशी तुकडे गोळा करून टेपने चिकटवले. याचा काही अर्थ काढू नकोस.

त्या आठ दिवसांबद्दल मी आत्ता लिहिणार नाही. लिहिलं तर फार वाईट लिहीन. माफ केलंय असं तर अजिबात समजू नकोस. मोजे घातलेले मला आठवतात. पावसाळ्यात थंडी वाजत असेल असं वाटलं होतं मला.

टेस्ट केली. दहा पॉइंट चार. उपाशीपोटी दोनशे एकतीस. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या चालू केल्या, डोळे आणि लघवीही तपासायला सांगितलंय.

अजून एक. हे कुणालाच माहीत नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसने सगळ्यांचं चेकअप करवलं होतं. त्यात माझं सहा पॉइंट तीन आलेलं. खाली छापलेलं होतं, डॉक्टरांचा सल्ला घ्या. मी तो कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला. वर्षभर तो तिथेच होता. मी रोज त्या ड्रॉवरमधून स्टेपलर काढत होतो.

मी अप्पांचे तक्ते करणारा माणूस. साखर, पथ्य, चालणं, सगळं मला पाठ. त्यांना मी काय काय बोललो ते तुला माहीत आहे. मलाही होतोय असं कबूल केलं असतं तर ते सगळं बोलण्याचा माझा हक्कच गेला असता, असं काहीतरी डोक्यात होतं. म्हणून तपासायचंच नाही. तू फेब्रुवारीत तुझा आकडा लिहिलास तेव्हा मी ऑफिसात जाऊन तो कागद काढून बघितला. माझा तुझ्यापेक्षा जेमतेम वर होता. तुला जी संधी मिळाली तीच मलाही मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच चालायला लागला असतात, वजन उतरवलं असतंत, तर बहुतेक टळलं असतं." बहुतेक. सर्जनचा तोच शब्द तू लिहिलायस.

ऋजुताला सांगितलेलं नाही. रिपोर्ट किंचित वर आहे एवढंच सांगितलं. गोळ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवतो. प्राचीचं यंदा बारावीचं वर्ष आहे, घरात ताण नको. सावकाश सांगेन. तोवर तूही बोलू नकोस. एवढं माझ्यासाठी कर.

सलिल


कळवा, ११ एप्रिल २०२५

सलिल,

नाही.

तुझं पाकीट बघून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि वाचलं. जवळजवळ दोन वर्षांनी तुझं अक्षर. त्यात तू एकच गोष्ट मागितलीस, आणि मी नाही म्हणतेय.

बुधवारी सोळा तारखेला सकाळी अकरा वाजता मी ऋजुताला फोन करणार. सगळं सांगणार. दहा पॉइंट चार, गोळ्या, ड्रॉवरमधला कागद, सगळं. त्याआधी तू सांगितलंस तर मला फोन करायची गरज पडणार नाही. तुझ्याकडे चार-पाच दिवस आहेत.

तुझा डबा ती भरते. तिला माहीतच नाही तर ती काय भरणार? कालपर्यंत भरत होती तेच. गोळी घेऊन तू मीटिंगमध्ये उपाशी राहिलास आणि घरी येऊन साखर उतरून घामाघूम होऊन पडलास, तर ती काय समजेल? पित्त झालं समजून लिंबू-सोडा देईल. आणि प्राची. तिच्या आजोबांना होता, बापाला झाला. सतरा वर्षांची मुलगी क्लासवरून येऊन रोज काय खाते, दिवसभर किती वेळ उठते, हे आजपासून बघायला नको? ती तर अजून काठावरही नाही. तिच्यापुरतं सगळंच हातात आहे. ताण नको म्हणून तिला अंधारात ठेवणार?

मला माहीत आहे या पत्राने काय होईल. तू परत तोंड फिरवशील, आणि या वेळी कारण पेढ्यांपेक्षा मोठं असेल. फिरव. मी एका माणसाचा शब्द राखला आणि माणूस घालवला. दुसऱ्यांदा मला ते जमणार नाही.

बुधवारी. अकरा.

ताई


कळवा, १८ ऑगस्ट २०२५

सलिल,

आता फोन चालू आहे तरी पत्र लिहितेय. काल तुम्ही तिघं माझ्याकडे आलात तेव्हा तू एक विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. फोनवर द्यायचं ते उत्तर नाही.

आधी तुला माहीत नसलेलं एक सांगते. त्या बुधवारी मी दुकान उघडलंच नाही. दहापासून फोन मांडीवर घेऊन बसले होते. पावणेअकराला तोंड धुवून आले, ऋजुताचा नंबर काढला, आणि तिचाच फोन वाजला. म्हणाली, "ताई, अकराला फोन करू नका. कळलंय मला. समोरच बसलेत." मग ती एवढंच म्हणाली, "वर्षभर कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, ताई. वर्षभर मी यांच्या ताटात काय वाढत होते." आणि ठेवला. त्यानंतर मे महिन्यापर्यंत तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस. माझं तेव्हाही म्हणणं होतं की हे स्वस्तात सुटलं.

काल तू माझा रिपोर्ट हातात घेतलास. पाच पॉइंट सहा. वजन सहासष्ट. म्हणालास, "जिंकलीस की." तू मनापासून म्हणालास, पण मला ते घशाखाली उतरलं नाही. तुझा सात पॉइंट एक, रोज दोन गोळ्या घेऊन. डॉक्टर हेमा म्हणतात तोही चांगलाच उतरलाय, आणि तू रोज पाऊण तास चालतोस, जिने चढतोस, ऋजुता मला सगळं सांगते. पण तुला आता जन्मभर सांभाळायचंय आणि मी मागे फिरले. अप्पांना खाऊ घालणारी मी. यात न्याय शोधायला गेलं तर वेड लागेल. मीही सुटले नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. चालणं सोडलं, परत कपाटात डबे ठेवायला लागले, की वर्षभरात परत तिथेच. या महिन्यात एकदाच रिक्षाने गेले. त्या दिवशी पूल पावसाने दिसत नव्हता. हे खरं आहे, जागृतीला विचार.

आता ते.

फिरायला निघून खाडीपुलावर मधोमध आलो होतो. प्राची आणि ऋजुता पुढे होत्या. तू खाडीकडे बघत विचारलंस, "त्या आठ दिवसांत दुखत होतं का त्यांना?"

मी म्हटलं, "बघ, भरती आलीय," आणि चालू लागले. तू परत विचारलं नाहीस.

दुखत नव्हतं, सलिल. एकदाही नाही. बुधवारी पट्टी सोडवताना तिच्याबरोबर कातडी निघून आली. माझ्या तोंडून आवाज निघाला. ते टीव्हीवर बातम्या बघत होते, म्हणाले, "काय गं, काय झालं?" त्यांचा पायच त्यांना कळत नव्हता. साखरेने कधीचीच पायातली जाण गेली होती. आणि मी काय समजले? दुखत नाही म्हणजे बरं होतंय. रोज पट्टी बांधून झाली की विचारायची, "दुखतं का?" ते म्हणायचे, "छे." मला धीर यायचा. त्या 'छे'वर मी आठ दिवस काढले.

त्यांनी ते दिवस यातनेत नाही काढले. सकाळी पेपर वाचला, दुपारी झोपले, संध्याकाळी मला भाजी निवडून दिली. शनिवारी तुझी आठवण काढली. म्हणाले, "काल आला होता, जरा सुकल्यासारखा वाटला, फार राबतो." तुला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. बाकी जे आहे ते माझं आहे, माझ्याकडेच राहू दे.

काल निघताना तू दारात सँडल घालत होतास. उजव्या टाचेला लांब भेग आहे तुझ्या, आतून लाल. ऋजुता लिफ्टपाशी गेली होती, तिने बघितलं नाही. मी म्हटलं, "हे काय?" तू म्हणालास, "काही नाही गं, दुखतबिखत नाही," आणि सँडलचा पट्टा ओढलास.

कालची सगळी रात्र मी त्या वाक्यावर काढली. आज सकाळी डॉक्टर हेमांचा दवाखाना उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. त्यांनी तुला उद्या सकाळी दहाची वेळ दिलीय. ऋजुताला मी हे पत्र टाकायच्या आधीच फोन केलाय, त्यामुळे तुला हे हातात पडेल तेव्हा तू तिथे जाऊन आलेला असशील. पत्र तरीही लिहिलं, कारण फोनवर तू मला विचारशील, एवढी काय घाई होती, आणि मला नीट सांगता येणार नाही.

रविवारी मी येते. जेवायला नाही, दिवसाउजेडी, सकाळी. खिडकीपाशी खुर्ची ठेव आणि दोन्ही पाय स्टुलावर घेऊन बस. ऋजुता आणि प्राचीलाही बोलवायचं, दर आठवड्याला त्यांनी काय बघायचं ते त्यांना दाखवून ठेवते. तुला लाज वाटेल, चिडशील, मी मोठी असून तुझ्या पायाला हात लावते म्हणून पाय आखडून घेशील.

घे. मी खाली बसून राहीन. बोटाबोटामधलं बघितल्याशिवाय उठणार नाही.

ताई